पाच बिघे आणि दोन विहिणी

लश्कर, ग्वाल्हेर
२२ नोव्हेंबर १९९३

श्रीमती विहीणबाई शशिकलाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली. मुलगी-जावई येतील म्हणून अनारसे, चकल्या, चिवडा सगळं करून ठेवलं होतं. पाडवा गेला, भाऊबीज गेली. मग यामिनीचं चार ओळींचं कार्ड आलं, की गहू पेरायचा आहे, निघता येत नाही. माझे यजमान शंकरराव म्हणाले, "गहू पेरायचाय म्हणजे काय?" मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

परवा माझ्या नणंदेच्या मुलाकडून कळलं. तो कामासाठी इंदुरास आला होता, तुमच्या घरी गेला, तर तुम्ही एकट्याच. मुलं म्हणे जूनपासून सांवेरजवळ शेतावर राहतात. एक खोली, वर कौलं, वीज नाही. तो तिथेही जाऊन आला. म्हणाला, "मामी, यामिनी दोन्ही हातांनी शेण कालवत होती."

स्पष्ट लिहिते, राग मानू नये. जावईबापूंची मिल बंद पडली याचं दुःख आम्हालाही आहे. इथेही तेच चाललं आहे. पण टेक्स्टाइल इंजिनिअर झालेल्या माणसाने दुसरी नोकरी बघावी. आता तर सगळं खुलं झालंय, पेपरात रोज नव्या कंपन्यांच्या जाहिराती येतात. ते सोडून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बायकोला शाळेची नोकरी सोडायला लावायची आणि रानात नेऊन ठेवायचं, हा कुठला विचार? आमच्या घराण्याने तीन पिढ्या दरबारची नोकरी केली. जमिनी होत्या, पण त्यांत आम्ही कधी वाकलो नाही.

लोक विचारतात तेव्हा जावई शेती खात्यात आहेत असं मी सांगते. किती दिवस सांगणार? मुलगा आपला आहे. आपण त्याला चार शब्द सांगावेत ही विनंती.

आपली,
भानुमती


मल्हारगंज, इंदूर
५ डिसेंबर १९९३

सौ. विहीणबाई भानुमतीबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. राग बिलकुल नाही. दिवाळीत मुलं आली नाहीत तर कोणत्या आईला वाईट वाटणार नाही? माझ्याकडेही ती फक्त लक्ष्मीपूजनाला आली आणि सकाळच्या बसने गेली.

सांवेरची ती पाच बिघे जमीन माझ्या वडिलांची. ते तिथल्या शाळेत हेडमास्तर होते. मला भाऊ नाही, म्हणून माझ्याकडे आली. इतकी वर्षं बटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला दिलेली होती आणि दर साली तिच्यात सोयाबीन व्हायचं. सगळ्या मुलखातच सोयाबीन आहे आता.

मुलं तिथे काय करतात ते मला जेवढं समजलं तेवढं सांगते. उतारावर आडवे चर खणलेत, पावसाचं पाणी वाहून न जाता तिथेच जिरावं म्हणून. जमीन नांगरत नाहीत. पाला, भुसा, सोयाबीनचं काड, सगळं तिच्यावर पसरून ठेवतात, एकदम गोधडी पांघरल्यासारखं. ज्वारीत तूर, तुरीत मूग, बांधावर सीताफळ आणि पपई, त्यांच्या सावलीत हळद. बाजारचं खत नाही, औषध नाही. आपल्या गरजाही तेवढ्याच ठेवायच्या, जेवढ्या त्या पाच बिघ्यांतून भागतील. याला परमाकल्चर म्हणतात, म्हणजे कायमची शेती, असं मला सांगितलं.

आणि शेण कालवत होती तो खताचा ढीग. शेण, पाला, राख, माती, थरावर थर. ही रीत साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एका इंग्रजाने आपल्या इंदुरातच बसवली, आणि बाहेरदेशी लोक तिला इंदूर पद्धत म्हणतात. माझे वडील शाळेच्या बागेत असाच ढीग लावायचे. म्हणून मला त्या शेणाचं तुमच्याइतकं वाटलं नसेल.

धनेशबद्दल एक सांगते. माझे यजमान त्याच मिलच्या टाइम ऑफिसात होते, हा विव्हिंग खात्यात लागला. मिल बंद झाल्यावरही तो कित्येक महिने रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन गेटपाशी जाऊन बसायचा. तिथेच डबा खायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्यापेक्षा हे शेत बरं, असं मला वाटलं.

जे झालं ते दोघांच्या विचाराने झालं. त्याला एकट्याला दोष देऊ नका.

तुमची,
शशिकला


लश्कर, ग्वाल्हेर
२० जानेवारी १९९४

श्रीमती विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तिळगूळ पोचला. हलवा सुरेख झाला होता.

"दोघांच्या विचाराने" हे आपण आईच्या मायेने लिहिलंत, मला समजतं. पण माझी मुलगी मला ठाऊक आहे. तिने कुंडीतली तुळस दोनदा वाळवली होती. वनस्पतिशास्त्र ती पुस्तकातून शिकली. ती नवऱ्यामागे गेली, कारण आम्ही तिला तसं वाढवलं, आणि आता त्याचाच मला पश्चात्ताप होतो.

असो. मी एक गोष्ट केली आहे. माझ्या मावसभावाची पीथमपूरच्या एका कारखान्यात ओळख आहे. टेम्पोचे भाग बनवतात. त्यांना मशीनवर देखरेख करणारा माणूस हवा आहे. मिलमधला असला तरी चालेल म्हणाले, हाताला सवय पाहिजे. सोबत पत्ता जोडला आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जावईबापूंनी जाऊन भेटावं. माझं नाव मात्र घेऊ नका. सासूने लावून दिली म्हटलं की पुरुष मुद्दाम जात नाहीत.

नोकरी लागली की यामिनी आपोआप त्या रानातून बाहेर येईल. आपल्यालाही समाधान वाटेल.

आपली,
भानुमती


मल्हारगंज, इंदूर
२७ फेब्रुवारी १९९४

सौ. विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं काम झालं. एका शनिवारी सांवेरला जाऊन धनेशला सांगितलं, नाव घेतलं नाही. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. पत्त्याचा कागद बराच वेळ हातात धरून होता. मग यामिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "जाऊन ये."

मुलाखतीच्या दिवशी मिलमधला निळा शर्ट काढून त्याने स्वतः इस्त्री केली. तिथे म्हणे त्याच्यासमोर बंद पडलेलं मशीनच ठेवलं आणि म्हणाले, बघा. याने बघितलं, आणि ते चाललं. घरी आला आणि पोहे दोनदा मागून घेतले. पुष्कळ दिवसांनी त्याला असं जेवताना पाहिलं. आपले उपकार आहेत.

एक मार्चपासून कामावर जायचं आहे. सध्या कारखान्याच्या हॉस्टेलात राहील, शनिवारी सांवेरला येईल. यामिनी तूर्त तिथेच आहे. गहू उभा आहे, कापणी व्हायची आहे.

तुमची,
शशिकला


लश्कर, ग्वाल्हेर
१४ एप्रिल १९९४

श्रीमती शशिकलाबाई यांस,

गहू कापून झाला असेल. आज यामिनीचं पत्र आलं. ती अजून तिथेच आहे आणि तिथेच राहणार आहे असं लिहिते. "धनेश आठवड्यातून एकदा येतो, मी मजेत आहे." ही मजा मला समजली नाही.

आधी तुमच्या मुलाने माझ्या मुलीला रानात नेलं. आता नोकरी मिळाली, तर तिला तिथेच टाकून स्वतः पीथमपूरला गेला. नोकरी मी मिळवून दिली ती दोघांनी एकत्र राहावं म्हणून, तिने एकटीने जमीन राखावी म्हणून नाही. तुम्हाला तुमच्या वडिलांच्या जमिनीला एक राखणदार हवा होता का? तसं असेल तर पगारी माणूस ठेवायचा होता. माझी मुलगी कशाला?

मी फार दिवस गोड लिहिलं. आता मला सरळ उत्तर हवं आहे.

भानुमती


मल्हारगंज, इंदूर
२४ एप्रिल १९९४

सौ. भानुमतीबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

सरळ उत्तर देते. अक्षर मोठं आहे, कारण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

शेतावर जायचं यामिनीने ठरवलं. धनेशने नाही, मी नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये ती शाळेतल्या एका बाईंबरोबर देवासकडे शेतीच्या शिबिराला गेली होती. परत आली त्या दिवशी मी मेथी निवडत होते. ती समोर येऊन बसली, जुडी ओढून घेतली आणि म्हणाली, "आई, सांवेरची जमीन तुमच्याच नावावर आहे ना?"

"हो. का गं?"

"मला द्याल कसायला?"

मला वाटलं चेष्टा करतेय. म्हटलं, "तुला की धनेशला?"

"मला. त्याला अजून विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर विचारणारच नाही."

दोन दिवस मला हसावं की रागवावं ते कळेना. मग कपाटातून शेतावरच्या खोलीची किल्ली काढून तिला दिली. धनेश तेव्हा गेटवरच जात होता. तो नुसतं "चल" म्हणाला.

तिने माझ्याकडे एकच मागितलं. "माझ्या आईला सांगू नका की हे माझं आहे. ती दोन दिवसांत मला न्यायला येईल, आणि तिच्यासमोर मी टिकणार नाही. धनेशचं आहे म्हटलं तर ती नुसती चिडेल." हे ऐकून धनेश हसला. म्हणाला, "चालेल की. सासूबाई माझ्यावर खूश कधी होत्या?"

म्हणून तुम्ही त्याच्याबद्दल जे जे लिहिलंत ते मी गिळलं. त्याला त्यातलं एक अक्षर दाखवलं नाही. पण टाकून गेला हे मला गिळवलं नाही, विहीणबाई. तो तिला दर शनिवारी चल म्हणतो. ती येत नाही. दोघं भांडत नाहीत, हेच मला जास्त काळजीचं वाटतं.

आज मी तिचा शब्द मोडला. तिला सांगा किंवा नका सांगू.

मी दर पंधरवड्याला सकाळी सांवेरला जायची, दिवस तिच्याबरोबर घालवायची. आता ऑपरेशननंतर महिनाभर धूळ नाही, चूल नाही. सगळा मे ती पोर एकटी असेल. तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच कळवते.

शशिकला


मुक्काम शेत, सांवेर
७ जून १९९४

प्रिय शशिकलाबाई,

पत्ता बघून थांबला असाल. मी इथे आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मुलीने माझ्यापासून लपवलं, आणि का लपवलं तर मी तिला टिकू देणार नाही म्हणून. हे तिचं वाक्य मला काही केल्या सुटेना. शेवटी यांना म्हटलं, "मी यामिनीला आणायला जाते." रागातच निघाले, खोटं कशाला लिहू. गाडीत सगळं भाषण तयार केलं.

सांवेरच्या स्टँडवरून टेम्पोने आले, पुढे पायवाट. एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिला विचारलं, यामिनी का घर कहाँ है? तिने मला खालीवर बघितलं. "तम उनकी माँ हो कई?" म्हटलं, हो. तर ती कपाळाला हात लावून म्हणते, "बेन, तमारी छोरी तो गेली हे."

मी तिथेच बांधावर बसले. त्या बाईला कळेना मला काय झालं. भारा टाकून तिने लोट्यातलं पाणी पाजलं, पदराने वारा घातला आणि बोलतच होती, "असी धूप में झाड़हुण के पानी पिलावे, गेली नी तो कई?" उन्हात झाडांना पाणी पाजते म्हटल्यावर उमगलं की मुलगी जिवंत आहे. तुमच्या माळवीत वेड्याला गेलो, वेडीला गेली म्हणतात, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. ती शेजारच्या शेतातली द्वारकाबाई. हाताला धरून तिनेच मला आणून सोडलं. यामिनी विहिरीवर होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. मी तिला जवळ घेतलं आणि रडले. गाडीत जमवलेलं भाषण त्या बांधावरच राहिलं.

पहिले काही दिवस मी रोज म्हणत होते, उद्या निघू. ती म्हणायची, "परवा, आई. सीताफळांना पाणी घालून." प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. ते भरायचं, म्हणजे पाणी आतल्या आत मुळांशी पाझरत राहतं. विहीर खोल गेलीय, एकेक बादली ओढायची. मला बसून बघवेना, मीही एक कळशी उचलली. आता सकाळची अर्धी झाडं माझी आहेत. एक पपई वाळतेय, तिच्याकडे मी दोनदा जाते. संडासाचा विषय मी लिहीत नाही. त्यात पाणी नसतं, राख टाकायची असते, एवढंच सांगते. तेही जमलं.

ग्वाल्हेरला ही मुलगी ताटाशी पुस्तक घेऊन बसायची आणि काय खाल्लं ते तिला सांगता यायचं नाही. इथे जेवताना ती मला सांगते, ही चवळी कुठल्या कोपऱ्यातली, ही गेल्या वर्षी किडली होती, या वर्षी झेंडू शेजारी लावला तर वाचली. सगळंच साधलेलं नाही. निम्मी हळद कुजली. गव्हाचं पीक द्वारकाबाईंच्या निम्मंसुद्धा नाही. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाली, "जमीन आजारी होती, आई. उठायला वेळ लागणार." मी बाळंतिणीबद्दल बोलायचे तसं ती जमिनीबद्दल बोलते.

आता शनिवारचं लिहिते, त्यासाठीच हे पत्र.

धनेश संध्याकाळी आले. मला बघून दचकले, मग वाकून नमस्कार केला. माझ्याच्याने त्यांच्या तोंडाकडे बघवेना. जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं, नोकरी पक्की झाली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतंय. फक्त कुटुंब असलेल्यांनाच देतात. महिनाअखेर कळवायचं आहे.

यामिनी भांडी आवरत होती. म्हणाली, "घेऊ नकोस."

"आणि मी हॉस्टेलातच राहू?"

"इथे परत ये."

धनेश म्हणाले, "यामिनी, मला इथे कसं वाटतं, ते तू मला कधी विचारलंस?"

"तू हो म्हणाला होतास."

"मिल बंद झाली होती. तेव्हा मला कोणीही कुठेही चल म्हटलं असतं, मी गेलो असतो." आवाज चढवला नाही त्यांनी. "मला मशीन आवडतात. माती नाही आवडत. मी प्रयत्न केला. चर खणताना मी मनात लूमचे भाग मोजायचो. तुझं चुकलं असं म्हणत नाही. पण मला हे आवडत नाही."

यामिनी हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी. तिला हे खरंच माहीत नव्हतं, शशिकलाबाई. मला तर कुठून असणार? मी सहा महिने म्हणत होते की याने तिला फरफटत नेलं. उलटंच होतं, आणि तो माणूस तोंडातून शब्द न काढता माझ्या शिव्या आपल्या नावावर घेऊन बसला होता.

मग ती म्हणाली, "ठीक आहे. मी येते क्वार्टरवर. जमीन पुन्हा बटाईने देऊ."

हेच ऐकायला मी आले होते. पण ते माझ्यासमोर घडलं आणि मला बघवेना. ती पातेलं घासायला लागली, घासतच राहिली. धनेशही आनंदलेले दिसेनात. मीच म्हटलं, "थांबा. एकाने माती सोडायची किंवा एकाने मशीन सोडायचं, याच्या मधलं काही नाही का?"

धनेश म्हणाले, "मल्हारगंजच्या नाक्यावरून आता कारखान्याची बस सुटते. आईच्या घरी राहिलो तर क्वार्टर नको, हॉस्टेल नको. शनिवारी संध्याकाळी इथे, सोमवारी पहाटे परत."

"आणि ही एकटी?" मी विचारलं.

शंकररावांचा दमा बघता मी ग्वाल्हेर सोडू शकत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. जमीन तुमची आहे. तुम्ही इथे राहायला याल का?

एप्रिलमध्ये मी राखणदार हा शब्द लिहिला होता. तो मी परत घेते.

तुमची,
भानुमती


मल्हारगंज, इंदूर
१४ जून १९९४

प्रिय भानुताई,

नव्या चष्म्याने पहिलं तुमचंच पत्र वाचलं. द्वारकाबाईंच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, आणि तुम्हाला तसंच पाडलं असतं.

धनेशला माती आवडत नाही हे त्याने मलाही कधी सांगितलं नाही. मी आई असून ओळखलं नाही. तो गेटवर जायचा थांबला एवढ्यावरच मी खूश होते.

तुम्ही विचारलंत त्याचा मी चार दिवस विचार केला. चौतीस वर्षं मी याच घरात काढली. खाली दुकानांचा गलका, हातगाड्या, पहाटे दूधवाल्याची घंटी. तो गलका नसेल तर मला झोप लागेल का, ही एक भीती. दुसरी गोष्ट खरं सांगायची तर अशी, की वडील गेल्यापासून त्या जमिनीवर मी एक रात्रही राहिले नाही. आधी वाटायचं, सासर सोडून कशी राहू. यामिनी गेल्यावर वाटायला लागलं, सासू छातीवर येऊन बसली असं तिला होऊ नये. म्हणून सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत बस पकडायची. परतताना दर वेळी खिडकीतून मागे बघायची.

माझी यायची तयारी आहे. पण तुम्ही बोलावलंत म्हणून नाही येणार. यामिनीने बोलवायला हवं. तिच्या घरात एक म्हातारी बाई वाढणार आहे, जिला चहा लागतो, साखर लागते, आणि जी प्रत्येक गोष्टीत तोंड घालते. हे सगळं तिला सांगा. तुमच्या भिडेखातर तिने हो म्हणू नये. नाही म्हणाली तर मी मुळीच रुसणार नाही, आपण दुसरा रस्ता काढू.

शशिकला


लश्कर, ग्वाल्हेर
१२ ऑक्टोबर १९९४

प्रिय शशिकलाताई,

यामिनीने तुम्हाला बोलावणं लिहिलं तेव्हा मी शेजारी बसले होते, पण एक शब्द सुचवला नाही. तुम्ही जूनअखेर तिथे गेलात, त्यानंतर दोन कार्डं आली. "सर्व ठीक" एवढंच. सर्व ठीक असं कुठे असतं का?

खरं लिहा. भांडणं होतात का? रात्री झोप येते का? माझी पपई जगली का? आणि धनेश खरंच दर शनिवारी येतात ना? यामिनीला विचारलं तर ती मला गांडुळांबद्दल लिहिते.

इथे भिशीत परवा कोणी जावयांची चौकशी केली. मी सांगितलं, जावई कारखान्यात आहेत, शेती माझी मुलगी करते. एकीने विचारलं, सेंद्रिय हळद मिळेल का? मी म्हटलं, कुजली नाही तर मिळेल.

भानुमती


मुक्काम शेत, सांवेर
२१ नोव्हेंबर १९९४

प्रिय भानुताई,

दिवाळीत मुलं तुमच्याकडे चार दिवस राहिली तेव्हा मी इथे एकटी होते. द्वारकाबाई सोबतीला येऊन झोपली आणि मीच तिला सोबत केली असं मी सगळ्यांना सांगतेय.

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. भांडणं होतात. पहिलं साखरेवरून झालं. यामिनीचं म्हणणं, गूळ गावात मिळतो, साखर कशाला आणायची. मी म्हटलं, बाई, तुझी जमीन सुधार, मला सुधारू नकोस. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सांवेरच्या बाजारातून तिने स्वतःच साखरेची पुडी आणली. दुसरं भांडण मोठं होतं. मी न विचारता तिचा पालापाचोळा झाडून एका कडेला लावला. अंगण स्वच्छ केलं असं मला वाटलं. तिने पाहिलं आणि खालीच बसली. सहा महिन्यांची गोधडी मी एका सकाळी काढून टाकली होती. ओरडली नाही. आम्ही दोघींनी तो सगळा पाला पुन्हा पसरला, आणि पसरता पसरता तिने मला खाली काय काय जिवंत असतं ते दाखवलं. तुमची गांडुळं मी तेव्हा बघितली.

तुमची पपई गेली. ऑगस्टच्या पाण्याने बुंध्याशी कुजली. तुम्हाला लिहायचं यामिनीच्या जिवावर आलं, म्हणून गांडुळं लिहिली असतील. हरभरा रोजडे खाऊन गेले, सगळा नाही, एक कोपरा. रोजडा म्हणजे नीलगाय, एवढं मोठं जनावर आणि पावलांचा आवाज नाही. मूग चांगला झाला. तूर फुलावर आहे. यंदा तेल, साखर, मीठ आणि माझा चहा सोडला तर बाजारातून आम्ही फारसं काही आणलं नाही.

झोप पहिल्या आठवड्यात आली नाही. इतकं शांत, की आपलाच श्वास ऐकू यायचा. मग कधी लागायला लागली ते कळलं नाही.

धनेश येतो. एकही शनिवार चुकला नाही. शेतात मात्र पाय ठेवत नाही, आणि आता त्याला कोणी ठेव म्हणतही नाही. रविवारी अंगणात बसून काही ना काही खटपट करतो. त्याने सायकलच्या जुन्या चाकापासून विहिरीचा रहाट केला, आता बादली एका हाताने वर येते. द्वारकाबाई बघून म्हणाली, "यो भी गेलो हे." त्याच्या कारखान्यातल्या बायका भाजी मागवतात, ती तो सोमवारी पिशव्यांत भरून नेतो. मल्हारगंजात स्वतः पोळ्या करतो. एक मी खाल्ली. तो विषय मी लिहीत नाही.

लोक मला विचारतात, हा कसला संसार, आठवड्यातले दीड दिवस? आधी मलाही तसंच वाटायचं. माझा संसार मिलच्या भोंग्यावर चालला. पहिला भोंगा झाला की हे जात, शेवटचा झाला की येत, मी ताट वाढत असे. आम्ही कधी भांडलो नाही. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, किती सुखाचा संसार होता.

काल रविवार. मी ओसरीवर मूग निवडत होते. ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसली होती. ती त्याला कुठल्या तरी किडीचं सांगत होती, तो तिला गिअर कापायच्या मशीनचं. एकमेकांच्या कामातलं दोघांना काही समजत नाही. तरी ती विचारत होती, "मग तो दाता तुटला तर काय करता?" आणि तो खरंच विचार करून उत्तर देत होता. ऊन उतरलं तरी उठली नाहीत. भानुताई, त्या दीड दिवसात ही दोघं जेवढं बोलतात, तेवढं मी आणि हे तीस वर्षांत बोललो नसू.

मी चहा करून त्यांना हाक मारणार होते. मग म्हटलं, राहू दे. मी माझा एकटीचा केला आणि साखर घालून प्याले.

तुमची,
शशिकला